नानजिंगमधला नोकरीचा हंगाम

ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात नानजिंगमधल्या आमच्या प्रयोगशाळेत कोणाचेही लक्ष प्रयोगात नव्हते. बॅटरीच्या चाचणीची यंत्रे चालू होती, सेल रात्रंदिवस चार्ज-डिस्चार्ज होत होते. परंतु त्यांच्यासमोर बसलेले आम्ही तिसऱ्या वर्षाचे पाच जण आपापल्या लॅपटॉपवर कंपन्यांचे भरतीचे अर्ज भरत होतो. तेच नाव, तेच गुण, तेच संशोधन, फक्त प्रत्येक कंपनीचे रकाने वेगळे. चीनमध्ये या काळाला ‘छिउजाओ’, म्हणजे शरद ऋतूतली भरती, असे म्हणतात. पूर्वी हा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा असे आणि त्यावरून ‘सोनेरी नऊ, रुपेरी दहा’ अशी म्हणच पडली होती. आता मोठ्या कंपन्यांची ‘आगाऊ फेरी’ जुलैतच सुरू होते, आणि तीही पुढच्या वर्षी जूनमध्ये पदवी मिळणाऱ्यांसाठी. म्हणजे पदवी हाती येण्याच्या अकरा महिने आधी धावपळ सुरू झालेली असते, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत ज्याच्या हाती काही लागले नाही त्याच्या घरून येणाऱ्या फोनचा सूर बदललेला असतो.

मी मूळची सांगलीची. विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन २०१८ साली चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. तिथली निम्मी यंत्रे चीनमधून आलेली होती. २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांना भारताचा व्हिसा मिळणे जवळपास थांबले, आणि यंत्र बंद पडले की व्हिडिओ कॉलवर पलीकडच्या माणसाचे म्हणणे समजून घेऊन हातात पाना धरणारे कोणीतरी लागू लागले. पुण्यात शनिवार-रविवारच्या वर्गात शिकलेली माझी चिनी भाषा तिथे कामाला आली आणि त्यातूनच पुढे चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज केला. चीनने भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा देणे ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस सुरू केले. दोन्ही देशांमध्ये तेव्हा थेट विमान नव्हते. ऑक्टोबरमध्ये विमाने बदलत पोहोचले आणि पहिले सात दिवस एका हॉटेलच्या खोलीत विलगीकरणात काढले. दाराबाहेर ठेवलेल्या स्टुलावर तीन वेळा जेवणाचा डबा येई, एवढाच बाहेरच्या चीनशी संबंध. पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे, महिना ३,००० युआन विद्यावेतन, आणि मनात पक्के ठरवलेले की शिकून झाल्यावर निदान दोन-तीन वर्षे तिथल्या बॅटरी उद्योगात काम करायचे.

हा हंगाम कळण्यासाठी ‘यिंगजिएशंग’ हा एक शब्द कळावा लागतो. त्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी, असा त्याचा सरळ अर्थ आहे. आपल्याकडे फ्रेशर असणे ही बहुधा उणी बाजू मानली जाते. चीनमध्ये मात्र तो एक दर्जा आहे आणि तो माणसाला एकदाच मिळतो. सरकारी सेवेतील पदांचा मोठा हिस्सा, सरकारी मालकीच्या कंपन्यांची विद्यापीठांतून होणारी भरती, शांघायसारख्या शहरात बाहेरगावच्या पदवीधराला तिथली कायमची रहिवासनोंद, म्हणजे ‘हुकोउ’, मिळण्याची खास वाट, हे सारे या दर्जाशी बांधलेले आहे. २०२४ साठीच्या केंद्रीय नागरी सेवा भरतीत ३९,६०० पदांपैकी सुमारे २६,००० पदे नवपदवीधरांसाठी होती. पदवीनंतर नोकरी न मिळालेल्याला अनेक ठिकाणी दोन वर्षांपर्यंत हा दर्जा सांभाळता येतो, पण त्यासाठी बहुधा मध्ये कोठेही रुजू झालेले चालत नाही. म्हणून मिळेल ती नोकरी धरावी आणि पुढे चांगली शोधावी, हा आपला साधा हिशेब तिथे लागू पडत नाही. साधारण नोकरी धरली की दर्जा गेला, आणि दर्जा गेला की अनुभवी लोकांच्या वेगळ्या भरतीत त्यांच्याशीच सामना. धडधाकट, शिकलेली मुले एखादे वर्ष घरी बसून राहतात त्यामागे आळस नसून हा हिशेब असतो, हे मला तिथे राहिल्यावरच उमगले.

माझ्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात होती. परदेशी माणसाला चीनमध्ये कामाचा परवाना मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे पदवी आणि नंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. जानेवारी २०१७ च्या नियमाने चिनी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना अनुभवाच्या अटीतून सूट दिली आहे, पण ती पदवीनंतर एका वर्षाच्या आत नोकरी धरणाऱ्यालाच. सरासरी गुण शंभरापैकी ८० किंवा अधिक हवेत आणि पगार त्या शहराच्या सरासरी पगारापेक्षा तत्त्वतः कमी नसावा. चाकणचा अनुभव माझ्याजवळ होता, पण तो प्रमाणित करून घेण्यापेक्षा ही वाट सोपी होती. अर्थात मुदत मलाही होती, आणि त्यामुळे सोबत्यांच्या जिवाची घालमेल मला बाहेरच्या पाहुण्यासारखी बघता आली नाही.

स्पर्धा किती, हे आकडे सांगतात. १९९९ साली चीनने विद्यापीठांतील प्रवेश मोठ्या प्रमाणावर वाढवले. २००१ मध्ये वर्षाला सुमारे ११ लाख पदवीधर बाहेर पडत. २०२४ मध्ये ती संख्या १ कोटी १७ लाख ९० हजार झाली आणि आमच्या, म्हणजे २०२५ च्या, तुकडीचा आकडा १ कोटी २२ लाख २० हजार सांगितला गेला. याच काळात पदवीधरांना सामावून घेणारी तीन मोठी क्षेत्रे एकापाठोपाठ आक्रसली. जुलै २०२१ मध्ये शालेय शिकवण्यांच्या उद्योगावर निर्बंध आले, त्याच वर्षी घरबांधणीच्या कर्जबाजारी कंपन्या कोसळू लागल्या, आणि इंटरनेट कंपन्यांनीही नियंत्रणे कडक झाल्यावर हात आखडता घेतला. जून २०२३ मध्ये शहरी भागातील १६ ते २४ वयोगटाची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्टमध्ये हा आकडा जाहीर करणेच थांबवण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये तो परत आला तेव्हा शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना वगळून मोजलेला होता, आणि डिसेंबर २०२३ साठी १४.९ टक्के होता. ज्या ऑगस्टमध्ये आम्ही अर्ज भरत होतो त्या महिन्यात या नव्या पद्धतीनेही तो १८.८ टक्के निघाला. प्रयोगशाळेत तो वाचताना आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, “आपण अजून यात धरलेले नाही.” आम्ही नोकरी शोधत होतो, पण कागदोपत्री विद्यार्थी होतो.

अर्ज भरणे हेच माझ्यासाठी पहिले मोठे काम ठरले. ओळखपत्राच्या रकान्यात अठरा अंकी चिनी क्रमांकच बसे. पासपोर्टचा क्रमांक टाकला की पान पुढे सरकत नसे. नावाच्या रकान्यात रोमन अक्षरे चालत नसत. ‘राजकीय ओळख’ हा रकाना अनिवार्य असे आणि त्यातले पर्याय पक्षसदस्य, युवा संघाचा सदस्य, सामान्य नागरिक असे. मूळ गावाच्या यादीत फक्त चीनचे प्रांत. अशा वेळी मी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवी, आणि बरेचदा उत्तर येई की परदेशी व्यक्तीला घेण्याची प्रक्रिया आम्ही कधी केलेली नाही. या उत्तरात तिरस्कार नसे. नकार मिळतो तो देशामुळे, असे मी पहिला महिनाभर मानत होते; पुढे लक्षात आले की समोरची व्यक्ती स्वतःच चोवीस-पंचवीस वर्षांची, तिच्यासमोर हजारो अर्ज, आणि माझ्या एका अर्जासाठी तिला वरिष्ठांकडे जाऊन नवीन प्रक्रिया विचारावी लागणार. म्हणून मी परवान्याच्या पायऱ्या, लागणारी कागदपत्रे आणि कंपनीने नेमके काय करायचे हे चिनी भाषेत एका पानावर मांडले आणि ते पान प्रत्येक अर्जाला जोडू लागले. त्यानंतर उत्तरे येऊ लागली. जुलै ते नोव्हेंबर मी १४६ ठिकाणी अर्ज केले, ३१ ठिकाणांहून काही ना काही उत्तर आले, ९ ठिकाणी शेवटच्या मुलाखतीपर्यंत गेले. माझ्या चिनी सोबत्यांचे आकडे याहून फार वेगळे नव्हते. जाळे टाकावे तसे सगळीकडे अर्ज टाकत सुटण्याला तिथे ‘हायथोउ’, समुद्रात टाकणे, म्हणतात.

सप्टेंबरच्या शेवटी विद्यापीठाच्या व्यायामशाळेत भरती मेळावा भरला. चिनी भाषेत त्याला ‘दोन्ही बाजूंनी निवड करण्याचा मेळावा’ म्हणतात. बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलामागे कंपनीचा फलक, आणि हातात छापील परिचयपत्रांचा गठ्ठा घेतलेले विद्यार्थी. वीजवहन, रेल्वे, लष्करी उत्पादने अशा सरकारी मालकीच्या कंपन्यांपुढची रांग मैदान ओलांडून जिन्यापर्यंत गेली होती. दहा पावलांवर वेल्डिंगची यंत्रे बनवणाऱ्या एका खासगी कारखान्याच्या टेबलाशी पन्नाशीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची बाटली देऊ करत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी पगार सांगितला. तो रांगेतल्या कंपन्यांपेक्षा कमी नव्हता. पण त्या कारखान्याचा गाव लहान, शनिवारीही काम, आणि दहा वर्षांनी तो कारखाना असेल की नाही याची हमी कोण देणार? रांगेतल्या मुलांना मूर्ख म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्यांनी आपल्या आधीच्या तुकड्यांचे हाल पाहिले होते.

त्या हालांपैकी एक आमच्या घरातलेच होते. प्रयोगशाळेत वडीलधाऱ्या विद्यार्थ्याला ‘शिशिओंग’ आणि विद्यार्थिनीला ‘शिजिए’ म्हणतात, म्हणजे एका गुरूचे थोरले भाऊ-बहीण. आमच्या एक वर्ष पुढच्या शिशिओंगने २०२३ च्या शरदात सौरऊर्जेच्या एका कंपनीशी ‘सानफांग’, म्हणजे त्रिपक्षीय करार, केला होता. हा करार विद्यार्थी, कंपनी आणि विद्यापीठ यांच्यात होतो; मोडणाऱ्याने ठरलेली भरपाई द्यायची. विद्यार्थ्याला ठरावीक काळात एकच करार करता येतो, म्हणून सही झाली की तो बाकीच्या मुलाखती सोडून देतो. सौरऊर्जा तेव्हा चीनमधले सर्वांत झपाट्याने वाढणारे क्षेत्र होते. परंतु गरजेपेक्षा खूप जास्त कारखाने उभे राहिले, पॅनेलचे भाव कोसळले आणि २०२४ मध्ये या क्षेत्रातल्या पाच सर्वांत मोठ्या कंपन्यांची एकूण मनुष्यसंख्या सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. शिशिओंगला मे २०२४ मध्ये, पदवीदानाच्या महिनाभर आधी, फोन आला की नेमणूक रद्द झाली आहे. भरपाई म्हणून ५,००० युआन त्याच्या खात्यात जमा झाले. त्याच्याच वर्गातल्या ज्या मुलांनी शरदात करार मोडला होता त्यांनीही तेवढीच रक्कम भरली होती. कागदावर दोन्ही पक्ष सारखे. पण कंपनीला दुसरा उमेदवार एका फोनवर मिळतो आणि विद्यार्थ्याचा गेलेला हंगाम परत येत नाही, हे त्या समान रकमेत कोठेही धरलेले नव्हते. मला हा उघड अन्याय वाटला आणि अजूनही वाटतो. शिशिओंग वसतिगृह सोडून जिआंगनिंग भागात भाड्याच्या खोलीत राहू लागला आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन आमच्याच ग्रंथालयात येऊन बसू लागला.

मुलाखतींपैकी सामूहिक मुलाखत मला सर्वांत जड गेली. एका गृहोपयोगी उपकरणांच्या कंपनीने आम्हा आठ जणांना एका लांबट टेबलाभोवती बसवले. जुन्या वस्तीत विद्युत वाहनांसाठी चार्जिंगची सोय करायची आहे, दिलेल्या सहा उपायांचा क्रम लावा, असा प्रश्न होता. तीन मिनिटे वाचन, प्रत्येकाला एक मिनिट, वीस मिनिटे चर्चा आणि शेवटी एकाने गोषवारा मांडायचा. परीक्षक भिंतीशी बसून फक्त लिहिणार. चर्चा सुरू होताच माझ्या शेजारच्या मुलीने मोबाईल टेबलावर ठेवून “वेळ मी पाहते” असे जाहीर केले, समोरच्याने “मी चौकट मांडतो” म्हटले, तिसऱ्याने गोषवारा आपल्याकडे घेतला. दहा सेकंदांत सगळ्या भूमिका वाटल्या गेल्या होत्या, कारण या सगळ्यांनी याची कितीतरी वेळा तालीम केलेली होती. कोपऱ्यातला चष्मेवाला मुलगा बारा मिनिटे एक शब्द बोलला नाही. आम्हाला एकमेकांची नावे ठाऊक नव्हती, फक्त क्रमांक होते, म्हणून मी त्याला ‘सहा क्रमांक’ अशी हाक मारली आणि त्याचे मत विचारले. तो म्हणाला की त्याचे वडील अशाच वस्तीत वायरमन आहेत आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता आधी मोजल्याशिवाय या सहांपैकी एकही उपाय लागू होणार नाही. त्या दिवशीचे सर्वांत खरे वाक्य तेच होते. पुढच्या फेरीत तो नव्हता, मीही नव्हते.

आमच्या गटातली आनह्वेई प्रांतातली मैत्रीण अभ्यासात आम्हा सगळ्यांत पुढे होती. एका खासगी कंपनीच्या शेवटच्या मुलाखतीत तिला विचारण्यात आले की मित्र आहे का, लग्न केव्हा, मूल केव्हा. फेब्रुवारी २०१९ मध्ये नऊ सरकारी विभागांनी मिळून काढलेल्या सूचनेनुसार भरतीच्या वेळी स्त्रियांना लग्न आणि मातृत्वाबद्दल विचारण्यास मनाई आहे. तिला ते ठाऊक होते. तरीही तिने पाठ केलेले उत्तर दिले, “पाच वर्षे विचार नाही,” आणि खोलीवर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. त्यानंतर तिने खासगी कंपन्यांचे अर्ज थांबवले आणि नागरी सेवेच्या तयारीला लागली. सरकारी नोकरी मिळण्याला तिथे ‘शांग-आन’, किनाऱ्याला लागणे, म्हणतात. तो शब्द तिच्या तोंडी मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी जिमिंग मंदिरात गेलो. नानजिंगचे हे बौद्ध मंदिर जुने आणि टेकडीवर आहे. दहा युआनच्या तिकिटाबरोबर उदबत्तीच्या तीन काड्या मिळतात. गेल्या काही वर्षांत तिथल्या रांगेत वृद्धांपेक्षा तरुण अधिक दिसतात. आमच्या पुढचा मुलगा काड्या पेटवून झाल्यावर मोबाईल दोन्ही हातांत धरून डोळे मिटून उभा राहिला. पडद्यावर अर्जाची स्थिती दाखवणारे पान उघडलेले होते आणि त्यावर ‘छाननी चालू’ असे लिहिले होते. परीक्षेआधी हॉल तिकीट घेऊन सांगलीच्या गणपतीसमोर मीही अशीच उभी राहिलेली आहे. मैत्रिणीने काय मागितले ते मी विचारले नाही.

१ डिसेंबरला केंद्रीय नागरी सेवेची लेखी परीक्षा झाली. ३९,७०० पदांसाठी ३४ लाख १६ हजार अर्ज पात्र ठरले होते, म्हणजे एका पदामागे ८६ जण. त्याच महिन्यात पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला मात्र ३८ लाख ८० हजारच नावे होती. दोन वर्षांपूर्वी ती संख्या ४७ लाख ४० हजार होती. आमचे प्राध्यापक म्हणाले की अधिक शिकून अधिक चांगली नोकरी मिळते यावरचा विश्वास उतरला आहे. मला वाटते त्यात वयाचाही भाग आहे. जाहिरातींमध्ये ‘वय ३५ च्या आत’ ही अट चीनमध्ये सर्रास असते, नागरी सेवेचीही तेव्हा हीच मर्यादा होती. २५-२६ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला हाताशी जेमतेम दहा वर्षे उरतात. १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढवण्यास सुरुवात झाली, पुरुषांसाठी ६० वरून ६३ पर्यंत, तेव्हा प्रयोगशाळेत एकच प्रश्न होता: पस्तिशी ते त्रेसष्टी माणसाने करायचे काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय नागरी सेवेची मर्यादा ३८ वर नेण्यात आली. खासगी जाहिरातींमधली पस्तिशी मात्र जागच्या जागी आहे.

माझी नोकरी नानजिंगमध्ये ठरली नाही. रेल्वेने पाऊण तासाच्या आत येणाऱ्या चांगजोउ शहरात बॅटरीचे मोठे उद्योग एकवटले आहेत. तिथल्या ऊर्जासाठवणुकीची उपकरणे बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीला परदेशी ग्राहकांशी बोलू शकणारी अभियंता हवी होती. नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांनी बोलावले. मनुष्यबळ विभागातली मुलाखत दहा मिनिटांत उरकली आणि मला थेट चाचणी विभागात नेण्यात आले. तिथल्या पन्नाशीच्या मुख्य तंत्रज्ञांनी, ज्यांना सगळे ‘शिफू’ म्हणत, सोळा सेलची एक पेटी पुढे ठेवली आणि म्हटले की अकराव्या सेलचा व्होल्टेज भार दिला की पडतो, सेल बदलला तरी पडतो, कारण सांग. मी मल्टिमीटरने सेलच्या टोकांवर मोजले तर व्होल्टेज ठीक होता. पडद्यावर मात्र कमी दिसत होता. म्हणजे दोष सेलमध्ये नसून मोजणाऱ्या वायरीत असणार. कनेक्टर काढून पाहिला तर अकराव्या वायरीचे टोक नीट दाबलेले नव्हते. भार देताच पंखा सुरू होई आणि त्याच्या थरथरीने ते सैल पडे. चाकणला असे दोष मी शंभर वेळा शोधले होते. शिफूंनी विचारले, “आधी कारखान्यात काम केले आहेस?” मी हो म्हटले. “वाटलेच,” एवढेच बोलून ते माझ्या कागदावर सही करायला निघून गेले. माझ्या शोधनिबंधाबद्दल त्या कारखान्यात आजवर कोणी विचारलेले नाही.

त्या दिवशी परतताना फाटकाबाहेर मजूर पुरवणाऱ्या दलालांचे फलक दिसले, ताशी दर लिहिलेले, ‘आजच रुजू व्हा’ असे सांगणारे. उत्पादन क्षेत्रातल्या दहा प्रमुख शाखांमध्ये २०२५ पर्यंत जवळपास ३ कोटी कुशल माणसे कमी पडतील असा सरकारी आराखड्याचाच अंदाज होता. एकीकडे एका पदामागे ८६ जण आणि दुसरीकडे फाटकाबाहेर माणसे हाका मारून बोलावणारे फलक, हे एकाच प्रांतात, एकाच महिन्यात मी पाहिले. पण फलकावरची नोकरी बहुतेक वेळा कंपनीची नसून दलालाची असते. कायद्याने अशा पुरवलेल्या कामगारांचे प्रमाण एकूण मनुष्यसंख्येच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे बंधन आहे; ते ‘ठेका’ असे नाव बदलून कसे टाळले जाते, हे शिफूंनी मला नंतर समजावून सांगितले. अशा नोकरीकडे पदवीधर वळत नाही याचा दोष केवळ त्याच्या पदवीच्या अभिमानाला देणे मला पटत नाही.

मला ११,००० युआन पगार सांगण्यात आला. करार तीन वर्षांचा, परिविक्षा सहा महिन्यांची, आणि त्या काळात ऐंशी टक्के पगार. कायदा याहून कमी देऊ देत नाही आणि याहून लांब परिविक्षा ठेवू देत नाही. एका आठवड्यात पाच दिवस काम, पुढच्यात सहा, असे चक्र होते. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस हा प्रघात बेकायदा असल्याचे सर्वोच्च लोक-न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि जादा कामाला महिन्याला ३६ तासांची मर्यादा आहे. मी याबद्दल विचारले तेव्हा मनुष्यबळ विभागातली मुलगी म्हणाली, “आमच्याकडे रात्री आठला सगळे घरी जातात,” आणि ते तिने सवलत असल्यासारखे सांगितले. मी सही केली.

त्यानंतरचे सात महिने कागदांचे. कंपनीने यापूर्वी परदेशी व्यक्ती घेतलेली नव्हती, त्यामुळे आधी कंपनीचीच नोंदणी करावी लागली. मग वैद्यकीय तपासणी, नानजिंग पोलिसांकडून गुन्हा नसल्याचा दाखला, सरासरी ८० च्या वर असल्याचे गुणपत्रक, विद्यापीठाकडून वर्तणुकीचा दाखला. पदवी प्रमाणपत्र जूनच्या अखेरीस हाती पडले आणि विद्यार्थी म्हणून असलेली निवास परवानगी जुलैत संपत होती; त्या मधल्या दिवसांत मी चांगजोउच्या कार्यालयात तीन वेळा गेले. एकदा कराराच्या प्रतीवर कंपनीचा शिक्का अर्धवट उमटल्यामुळे परत यावे लागले. १ डिसेंबर २०२४ पासून कामाचा परवाना वेगळ्या कार्डावर न देता सामाजिक सुरक्षा कार्डाशी जोडला गेला आहे, त्यामुळे शेवटी माझ्या हाती आले ते माझ्या चिनी सहकाऱ्यांसारखेच दिसणारे कार्ड. पहिला परवाना एका वर्षाचा मिळतो. जी मुले-मुली भारतातून मला याबद्दल विचारतात त्यांना मी सांगते की कंपनी शोधण्याआधी आपली निवास परवानगी कोणत्या तारखेला संपते ते पाहा आणि त्या तारखेपासून मागे मोजत या.

आमच्या पाच जणांपैकी हनान प्रांतातल्या शेतकऱ्याच्या मुलाला डिसेंबरच्या पहिल्या फेरीत वीजवहन कंपनीने घेतले नाही. मार्चमधल्या दुसऱ्या फेरीत त्याच्याच प्रांतातल्या एका तालुक्याच्या वीज कार्यालयात जागा मिळाली. दोघे बॅटरीच्या कंपन्यांत गेले. आनह्वेईची मैत्रीण केंद्रीय परीक्षेत थोडक्यात हुकली आणि मार्चमध्ये प्रांतिक परीक्षेला बसली. जूनच्या मध्यावर एका शुक्रवारी रात्री तिचा फोन आला की मुलाखतीचा निकाल लागला, घरापासून ३०० किलोमीटरवर एका लहान गावाच्या कार्यालयात नेमणूक झाली. “किनाऱ्याला लागले,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ त्या गावात रेल्वे स्थानक आहे का ते आम्ही दोघी नकाशावर शोधत राहिलो. स्थानक नव्हते. सर्वांत जवळच्या स्थानकापासून बसने दीड तास लागतो, सकाळी दोन बस आहेत आणि दुपारी एक.